रामानंद तीर्थ, स्वामी

(३ ऑक्टोबर १९०३–२२ जानेवारी १९७२). हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे नेते, राष्ट्रीय शिक्षणाचे पुरस्कर्ते, शिक्षक व लेखक. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. सध्याच्या कर्नाटक राज्यातील विजापूर (विजयपुर) जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. संन्यासदीक्षेनंतर ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. मराठवाड्याच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः निजामी राजवटीविरुद्धच्या राजकीय लढ्याशी जोडले जाते. तथापि या लढ्यात ते शाळेतून आले आणि त्यांचे अनेक सहकारीही शाळेतूनच घडले. ज्या संस्थानात शिक्षणाची भाषा, शाळा काढण्याचा अधिकार आणि सभा भरविण्याचे स्वातंत्र्य या तिन्ही गोष्टी शासनाच्या मर्जीवर अवलंबून होत्या, तेथे शिक्षकाला आपले काम वर्गापुरते मर्यादित ठेवणे अशक्य झाले. स्वामीजींचे चरित्र या परिस्थितीचे ठळक उदाहरण होय.

पूर्वायुष्य : व्यंकटेश यांचे बालपण कन्नड व मराठी या दोन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या सीमाप्रदेशात गेले. शालेय शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. लोकमान्य टिळकांच्या निधनाच्या वेळी (१ ऑगस्ट १९२०) त्यांनी आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. महात्मा गांधींच्या असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली व राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग पत्करला. असहकाराबरोबर देशभर निघालेल्या राष्ट्रीय शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या पदव्यांना सरकारदरबारी किंमत नव्हती. तेथे शिकणारा विद्यार्थी सरकारी नोकरीचा मार्ग स्वतःच्या हाताने बंद करीत असे. व्यंकटेश यांनी पुणे येथील टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले व लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. एकतंत्री संस्थानात ज्याला पुढे उभा जन्म घालवावयाचा होता, त्याच्या अभ्यासाचा हा विषय लक्षणीय आहे.

शिक्षणानंतर त्यांनी कामगार चळवळीचे नेते नारायण मल्हार जोशी यांच्याबरोबर काही काळ काम केले. संघटनेची दैनंदिन कामे, पत्रव्यवहार, हिशेब, निवेदनांचे मसुदे आणि वाटाघाटी यांची ओळख त्यांना येथे झाली. मात्र गंभीर आजारपणामुळे हे काम त्यांना सोडावे लागले. प्रकृती सुधारल्यावर १९२९ मध्ये ते हैदराबाद संस्थानातील हिप्परगे या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत दाखल झाले. १९३० च्या सुमारास त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली. लाहोर येथे गणिताचे अध्यापन करून पुढे वेदान्ताचा प्रसार करणारे स्वामी रामतीर्थ (१८७३–१९०६) यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. संन्यास म्हणजे कर्मत्याग, हा रूढ अर्थ त्यांनी स्वीकारला नाही. दीक्षेनंतरही त्यांचे शिकविणे चालू राहिले.

संस्थानातील शिक्षणाची स्थिती : हैदराबाद हे ब्रिटिश अंमलाखालील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. त्याचे क्षेत्रफळ सु. ८२,००० चौ. मैल असून १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी व तीन कन्नड भाषिक समजले जात. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे मराठी भाषिक पाच जिल्हे मिळून मराठवाडा हा विभाग होई. प्रजेपैकी फार मोठ्या वर्गाची मातृभाषा या तीन भाषांपैकी एक असताना राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून एका भारतीय भाषेचा स्वीकार करणारा तो एक मोठा शैक्षणिक प्रयोग होता. विज्ञान, कायदा, वैद्यक इ. विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविण्यात आले. इंग्रजीच्या वर्चस्वातून शिक्षण मुक्त करणारा हा प्रयोग संस्थानातील बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने मात्र परक्या भाषेतीलच शिक्षण ठरला. मराठी मुलास प्राथमिक इयत्तांनंतर उर्दूवाचून गती नसे आणि खेड्यात तर प्राथमिक शाळाही विरळाच असत.

खानगी प्रयत्नांनी ही उणीव भरून काढण्यासही अडथळे होते. खानगी शाळा काढण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक असे. सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक लागू होते. त्यामुळे ग्रंथालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, साहित्यविषयक मेळावे व शाळा हीच लोकांना एकत्र येण्याची स्थाने उरली.

भाषेचा प्रश्न केवळ शासन आणि प्रजा यांच्यातील नव्हता. हैदराबाद शहरात १९२१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सामाजिक सुधारणा परिषदेत आलमपल्ली वेंकट रामराव हे तेलुगूतून बोलू लागताच श्रोत्यांतील काहींनी त्यांची हुर्यो उडविली. तेथे मराठी भाषिकांचा भरणा मोठा होता. या अपमानातूनच तेलुगू भाषिकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली व तिचे पुढे आंध्र महासभेत रूपांतर झाले. आपल्या भाषेवरील अन्यायाची जाणीव असलेला समाज दुसऱ्याच्या भाषेबाबत तितकाच असहिष्णू असू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळा : उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे येथे व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. निजामी हद्दीत, रेल्वे व मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या या खेड्यात मराठी माध्यमातून शिक्षण देणारी शाळा चालविणे हेच एक धाडस होते. स्वामीजी या शाळेचे मुख्याध्यापक झाले. रामचंद्र गोविंद तथा बाबासाहेब परांजपे हेही येथे त्यांचे सहकारी होते.

राष्ट्रीय शाळांच्या सर्वसाधारण पद्धतीप्रमाणे येथे पुस्तकी अभ्यासाबरोबर सूतकताई, व्यायाम, स्वावलंबन व ग्रामसेवा यांना स्थान होते. शिक्षक व विद्यार्थी यांचे राहणे एकत्र असल्याने शिकवणे शाळेच्या वेळेपुरते मर्यादित नव्हते. सरकारमान्य प्रमाणपत्राची अपेक्षा नसल्यामुळे परीक्षेचे दडपण कमी होते. पण त्याच कारणाने विद्यार्थ्यांची भरती व शाळेचे उत्पन्न यांवर कायमची मर्यादा पडली. गावातील सधन कुटुंबांचा आश्रय हा शाळेचा आधार होता आणि तोच तिचा दुबळा दुवाही होता. शिक्षकांना वाढवावयाचा असलेला राष्ट्रीय कार्याचा व्याप आणि आश्रयदात्यांना परवडेल एवढा धोका यांत अंतर पडणे अटळ होते. सुमारे सहा वर्षांच्या कामानंतर, १९३५ मध्ये, स्वामीजी व त्यांचे सहकारी हिप्परगे सोडून मोमिनाबादला आले.

मोमिनाबाद : बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई या गावाचे निजामी अंमलातील अधिकृत नाव मोमिनाबाद असे होते. मुकुंदराज व दासोपंत यांच्या वास्तव्यामुळे मराठी साहित्याच्या इतिहासात या गावाला मोठे स्थान आहे. येथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची सूत्रे १९३५ मध्ये स्वामीजींकडे आली व १९३८ पर्यंत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम पाहिले.

हिप्परग्याहून ही शाळा काही बाबतींत वेगळी होती. हिप्परग्याची शाळा सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून निघाली होती. योगेश्वरी हे तालुक्याच्या ठिकाणचे, आजूबाजूच्या मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांतील मुलांना सामावून घेणारे विद्यालय होते. खेड्यातील आश्रमवजा शाळेतून मोठ्या गावातील विद्यालयात झालेले हे स्थलांतर स्वामीजींच्या कार्यातील महत्त्वाचा टप्पा होय. येथे त्यांचा संबंध वकील, व्यापारी व अन्य शिक्षक यांच्याशी आला आणि अंबेजोगाई हे मराठवाड्यातील सार्वजनिक जागृतीचे एक प्रमुख केंद्र बनले. पुढील काळात भूमिगत कार्य, सत्याग्रह व सरहद्दीवरील शिबिरे यांत दिसणारे अनेक कार्यकर्ते या दोन शाळांच्या परिसरातून आले.

महाराष्ट्र परिषद : आंध्र महासभेच्या धर्तीवर मराठी भागासाठी महाराष्ट्र परिषद स्थापन झाली व तिचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर (तेव्हाचा परभणी, सध्याचा जालना जिल्हा) येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परिषदेला परवानगी मिळावी म्हणून तिचे स्वरूप सांस्कृतिक व सामाजिक ठेवावे लागे. पण शिक्षणाच्या माध्यमाचा ठराव मांडला, की त्यापाठोपाठ नागरी स्वातंत्र्याचा व जबाबदार राज्यपद्धतीचा प्रश्न येई. १९३८ मध्ये लातूर येथे भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनात हा वाद स्पष्टपणे पुढे आला. सरकारशी संघर्ष टाळून सुधारणा मिळवाव्यात, असे मानणारा नेमस्त गट आणि जबाबदार राज्यपद्धतीची उघड मागणी करावी, असे म्हणणारा तरुण गट यांच्यातील मतभेदांत तरुण गटाचा प्रभाव वाढला. याच अधिवेशनात स्वामीजींकडे परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी आली. शाळा सोडून ते पूर्णवेळ सार्वजनिक कार्यात उतरले व हैदराबाद शहरात राहू लागले. परिषदेचे पुढील अधिवेशन १९४१ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे झाले.

स्टेट काँग्रेस व सत्याग्रह : तीन भाषिक परिषदांमधील कार्यकर्त्यांना एका राजकीय संघटनेत आणण्यासाठी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे १९३८ मध्ये ठरले, परंतु ती रीतसर अस्तित्वात येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वामीजींनी सत्याग्रह केला व त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. आर्य समाज व हिंदुमहासभा यांचे सत्याग्रह त्याच सुमारास चालू असल्याने स्टेट काँग्रेसच्या राजकीय लढ्याला धार्मिक रंग येण्याचा संभव होता. गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबर १९३८ मध्ये हा सत्याग्रह स्थगित करण्यात आला.

याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादचे महाविद्यालय, उस्मानिया विद्यापीठ व अन्य ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांतील अनेकांना आपल्या विद्यापीठात प्रवेश देऊन त्यांचे शिक्षण खंडित होऊ दिले नाही. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकी एक होत. ते स्वामीजींना आपले राजकीय गुरू मानीत. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे उच्चशिक्षित तरुण शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत आले. अशा रीतीने १९३८ हे वर्ष संस्थानातील शिक्षणसंस्था व राजकीय चळवळ यांचा प्रत्यक्ष सांधा जुळविणारे ठरले. या लढ्याची किंमत प्रथम मोजली, ती विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी.

स्वामीजींना १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाबद्दल व १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वेळी पुन्हा कारावास भोगावा लागला. स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्ये उठली व नंतर झालेल्या निवडणुकीत नेमस्त गटाचे बूर्गुल रामकृष्ण राव यांचा पराभव करून स्वामीजी अध्यक्ष झाले.

मुक्तिलढा : सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याने जून १९४७ मध्ये ब्रिटिश सत्ता संपल्यानंतर स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर लगेच हैदराबाद शहरातील मुशीराबाद येथे भरलेल्या स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनात स्वामीजींनी भारतीय संघराज्यात सामील होण्याची व जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मांडली. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस संस्थानभर ‘भारतात सामील व्हा’ दिन म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्ट रोजी त्यांना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाल्यावर त्यांची अल्पकाळ सुटका झाली. मात्र २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. लढ्याच्या निर्णायक महिन्यांत ते तुरुंगातच होते.

या काळात लढ्याचे संचालन दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ इत्यादींच्या कृतिसमितीकडे होते. संस्थानाच्या सीमेबाहेर शिबिरे उघडण्यात आली. पैनगंगेपलीकडील उमरखेड येथील शिबिर नांदेड जिल्हा व माहूर–किनवट भागाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटून लढ्यासाठी मोठी रक्कम मिळविली. गांधीवादी संन्याशाच्या नेतृत्वाखालील संघटनेने शस्त्रांचा व अशा मार्गांचा अवलंब करावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. अहिंसा हे स्वामीजींचे व्यक्तिगत व्रत होते. परंतु रझाकारांच्या हल्ल्यांपुढे उघड्या पडलेल्या खेड्यांच्या स्वसंरक्षणाचा हक्क त्यांनी नाकारला नाही.

रझाकार संघटनेचा प्रमुख कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. ज्या गावात महाराष्ट्र परिषदेने जबाबदार राज्यपद्धतीचा वाद मोकळेपणाने केला, त्याच गावातून तिच्या कडव्या विरोधकाचा उदय व्हावा, हा इतिहासातील विलक्षण योग होय. तथापि हा लढा दोन धर्मांतील नव्हता. भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे उर्दू पत्रकार शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद शहरात हत्या झाली, ही घटना त्या दृष्टीने बोलकी आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर (पोलीस अ‍ॅक्शन) निजामाने शरणागती पत्करली व स्वामीजींची मुक्तता झाली.

विलीनीकरणानंतर : सत्तांतरानंतरच्या काही आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिम प्रजेवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या शिष्टमंडळाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे नोंदविले. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचे हे हत्याकांड यांची एकत्रित नोंद घेतल्याशिवाय या कालखंडाचे चित्र पूर्ण होत नाही.

स्टेट काँग्रेसमधील नेमस्त व जहाल गटांतील जुने मतभेद विलीनीकरणानंतर अधिक तीव्र झाले. जमीनसुधारणा व तेलंगणातील शेतकऱ्यांच्या उठावाविषयीचे धोरण हे वादाचे मुख्य विषय होते. जागिरदारी १९४९ मध्ये रद्द झाली. पण कुळांच्या हक्कांसाठी अधिक वेगाने पावले टाकावीत, असा स्वामीजींच्या गटाचा आग्रह होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद बूर्गुल रामकृष्ण राव यांच्याकडे गेले. स्वामीजींनी मंत्रिपद स्वीकारले नाही. १९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले.

भाषावार पुनर्रचना : हैदराबाद राज्य अखंड ठेवावे, असे मानणारा मोठा वर्ग होता, प्रारंभी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचाही कल त्याच बाजूला होता. स्वामीजींनी मात्र राज्याचे भाषावार विभाजन करून मराठवाडा संयुक्त महाराष्ट्रात, कन्नड जिल्हे कर्नाटकात व तेलंगण आंध्रात जावे, या मताचा आग्रहाने पुरस्कार केला. त्यांच्या या भूमिकेमागे शिक्षकाचा अनुभव होता. मातृभाषेतून शिक्षण द्यावयाचे, तर कारभार, न्यायालय व विद्यापीठ यांची भाषाही तीच असली पाहिजे. अन्यथा शाळेत शिकलेली भाषा शाळेबाहेर निरुपयोगी ठरते, हे त्यांनी हिप्परगे व मोमिनाबाद येथे पाहिले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. या पुनर्रचनेचा सर्वांत प्रत्यक्ष परिणाम सीमेवरील तालुक्यांवर झाला. रेणुकादेवीचे क्षेत्र असलेले माहूर हे किनवट तालुक्याबरोबर तोवर आदिलाबाद जिल्ह्यात होते. ते आता नांदेड जिल्ह्यात आले. बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळही इकडे जोडण्यात आले. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेडपासून वेगळी होऊन तेलुगू भाषिक राज्यात गेली. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा या तालुक्यांचा मराठी भाषिक भाग उस्मानाबाद जिल्ह्याला मिळाला व १९८२ मध्ये निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. तालुका व मंडळ यांच्या पातळीवर झालेल्या या विभागणीने भाषिक राज्याचे तत्त्व मूर्त झाले. तथापि माहूर–किनवटच्या डोंगराळ पट्ट्यातील गोंड, कोलाम इ. जमातींच्या मुलांसाठी मराठी हीसुद्धा शाळेतच शिकावयाची भाषा होती. संस्थानी काळात मराठी मुलांपुढे असलेला प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्या रूपात कायम राहिला.

शिक्षणसंस्था : विलीनीकरणाच्या वेळी मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी नाममात्र होत्या. १९५० मध्ये औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रेरणेने निघालेले महाविद्यालय (पुढे मिलिंद महाविद्यालय) आणि नांदेड येथे स्वामीजींच्या मार्गदर्शनाखाली स्थापन झालेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज, या संस्थांनी ही कोंडी फोडण्यास आरंभ केला. ‘पीपल्स’ म्हणजे लोकांचे, हे नावच शासनाश्रयी शिक्षणाहून वेगळेपण सुचविणारे होते. संस्थानी काळात पुढील शिक्षणासाठी हैदराबाद, पुणे वा नागपूर गाठावे लागणाऱ्या गोदावरीकाठच्या विद्यार्थ्यांना आता जिल्ह्याच्या गावी पदवी घेता येऊ लागली. मराठीतील विचारवंत व समीक्षक नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांनी याच महाविद्यालयात अध्यापन केले व पुढे त्याचे प्राचार्यपद भूषविले.

मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झाले. त्याचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे दुसरे विद्यापीठ स्थापन झाले व त्याला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असे नाव देण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात; माहूरही त्यात आहे. अंबेजोगाई येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही स्वामीजींचे नाव देण्यात आले आहे.

लेखन : स्वामीजींचे लेखन विपुल नाही. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींचे त्यांचे मेम्वार्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल (१९६७) हे इंग्रजी पुस्तक त्यांच्या लेखनात सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. तीन भाषिक गटांत विभागलेल्या लढ्याचा वृत्तांत सर्वांपर्यंत व संस्थानाबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचावा, या दृष्टीने इंग्रजीची निवड सोयीची होती. आत्मचरित्रापेक्षा संघटनेचा इतिहास असे या ग्रंथाचे स्वरूप आहे. चळवळीतील अंतर्गत मतभेद, वाटाघाटी व कारावास यांविषयीची त्यातील माहिती प्रत्यक्षदर्शी असल्याने अभ्यासकांना तो महत्त्वाचा वाटतो. मात्र तो एका गटाच्या नेत्याने लिहिलेला असल्यामुळे नेमस्त, कम्युनिस्ट व आर्यसमाजी कार्यकर्त्यांच्या कथनांबरोबर ताडून पाहणे आवश्यक ठरते. त्याला पूरक असे मराठीतील महत्त्वाचे लेखन म्हणजे मराठवाडा या पत्राचे संपादक अनंत भालेराव यांचा हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम व मराठवाडा यांवरील ग्रंथ होय.

मूल्यमापन : प्रत्यक्ष अध्यापनात स्वामीजींनी १९२९ ते १९३८ अशी सुमारे नऊ वर्षेच घालविली. हिप्परग्याची शाळा आर्थिकदृष्ट्या स्थिर होऊ शकली नाही व मोमिनाबादच्या शाळेस आपल्या मुख्याध्यापकाला मुकावे लागले. या दृष्टीने पाहता राजकारणाने एक शिक्षक हिरावून घेतला, असे म्हणता येईल. पण शाळा चालविण्यासाठी लागणारे किमान स्वातंत्र्यच ज्या राज्यात नव्हते, तेथे शाळेचे रक्षण करण्याचा मार्ग शाळेबाहेरूनच जात होता. सत्तेत न जाण्याचा त्यांचा निर्णयही वादातीत नाही. मंत्रिपद स्वीकारले असते, तर मराठवाड्याच्या शिक्षणास व जमीनसुधारणेस अधिक गती देता आली असती, असे मानण्यास जागा आहे. दुसऱ्या बाजूने, सर्व भाषिक विभागांतील कार्यकर्त्यांचा त्यांच्यावरील विश्वास या निःस्पृहतेवरच आधारलेला होता. कन्नड प्रदेशात जन्म, मराठी शाळांत अध्यापन, तेलुगू व उर्दू भाषिकांच्या शहरात दीर्घ वास्तव्य आणि भाषावार विभाजनाचा पुरस्कार, हा त्यांच्या आयुष्यातील वरवर दिसणारा विरोध मातृभाषेचा हक्क सर्वांना सारखाच, या एका तत्त्वाने जुळतो.

हैदराबाद येथे २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. परवानगीवाचून शाळा निघू शकत नसलेल्या प्रदेशात, त्याच तारखेस, एका शाळामास्तराच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले, यातच त्यांच्या कार्याची फलश्रुती दिसते.